त्या बेडकाचं काय काम?

लातूरच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे, तो थोडक्यात असा: "मुलगी सहा वर्षांची आहे. दोन महिन्यांपासून एकच जपानी कार्टून पिक्चर बघते. दोन बहिणी, त्यांचे बाबा आणि झाडात राहणारा एक भला मोठा केसाळ प्राणी. दहा-बारा वेळा तरी झाला असेल. आमचे हे म्हणतात, ह्यात काही घडतच नाही. ना मारामारी, ना व्हिलन, पोरगी सुस्त होईल अशानं. पण आमच्या सासूबाईंना त्यातलं अक्षर कळत नाही, तरी त्याही जपमाळ हातात धरून शेवटपर्यंत बसतात. असं काय आहे त्यात? एकच पिक्चर सारखा बघू द्यावा का? आणि पुढं काय दाखवावं?"

ताई, मी कुठल्या अधिकारानं बोलतोय ते आधी सांगतो. मी अंबाजोगाईचा. चित्रकला शिकून मुंबईला गेलो आणि अकरा वर्षं कार्टूनच्या स्टुडिओत काढली. पहिली पाच वर्षं इन-बिटवीनर, म्हणजे हालचालीची मधली चित्रं भरणारा, नंतर बॅकग्राउंडला. परदेशी मालिकांचं हातानं चित्रं काढायचं काम तेव्हा आपल्याकडं यायचं, त्यातला मी एक हमाल. आता गावात चित्रकलेचे वर्ग घेतो आणि जुना प्रोजेक्टर, चादरीचा पडदा, एक स्पीकर घेऊन शाळाशाळांतून लेकरांना सिनेमे दाखवत फिरतो.

तुमच्या मुलीचा सिनेमा ओळखला. 'माय नेबर टोटोरो', १९८८ सालचा, जपानच्या स्टुडिओ घिबलीचा, दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. तुमच्या यजमानांचं म्हणणं तसं खोटं नाही. ८६ मिनिटांत एक कुटुंब खेड्यात राहायला येतं, आई दवाखान्यात असते, धाकटी एकदा हरवते आणि सापडते. संपलं. पोस्टकार्डावर मावेल एवढी गोष्ट. म्हणून मी गोष्टीचं बोलतच नाही, त्यातल्या एका बेडकाचं बोलतो.

बसथांब्याचा तो प्रसंग आठवा. अंधार पडत आलाय, पाऊस लागलाय, दोघी बहिणी बाबांसाठी छत्री घेऊन उभ्या आहेत. बस येते, बाबा त्यात नसतात. धाकटी पेंगायला लागते, थोरली तिला पाठुंगळी घेते. तो केसाळ प्राणी डोक्यावर एक पान धरून शेजारी येऊन उभा राहतो. आणि ह्या सगळ्यात रस्त्याच्या कडेनं एक बेडूक आपल्या नादात चालत जातो. त्याचं गोष्टीशी काडीचं नातं नाही. तो पुढं कुणाला मदत करत नाही, बोलत नाही, राजपुत्र तर होतच नाही.

आता ह्या बेडकाचा हिशोब बघा. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. टीव्हीच्या मालिकांत काटकसर करून आठवर आणतात, कधी त्याहूनही खाली. मुख्य ॲनिमेटर हालचालीचे टप्पे काढतो, कागदाच्या कोपऱ्यात छोटा टायमिंग चार्ट आखून देतो, आणि मधली चित्रं आमच्यासारखे भरतात. बेडूक पाच सेकंद चालला तर पूर्ण १२ च्या हिशोबानं साठ चित्रं. प्रत्येकाची पेन्सिल, मग क्लीन-अप, म्हणजे रेषा साफ करणं, त्या काळी वर सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर, रंग. सगळं एका बेडकापायी.

मी ज्या स्टुडिओत होतो तिथं हा बेडूक जगला नसता. एकदा एका मालिकेत म्हातारी दळण घेऊन जाते असा प्रसंग होता. मी मुद्दाम तिच्या मागं एक कोंबडी काढली, सांडलेले दाणे टिपत येणारी. सुपरवायझरनं कागदाची चळत बोटात धरून फ्लिप केली, हसला, म्हणाला, "छान आहे. पण हिचं काय काम?" कोंबडी कापली गेली. त्याचा दोष नव्हता, चित्रामागं पैसे मोजले जायचे आणि तारीख डोक्यावर होती. पण माझ्या डोक्यात तो प्रश्न राहिला. पुढं मी हे जपानी सिनेमे पहिल्यांदा पाहिले तेव्हा बेडूक दिसला आणि कळलं की कुणीतरी "हिचं काय काम" असं विचारलंच नव्हतं. किंवा विचारलं असेल आणि उत्तर दिलं असेल, "आहे, म्हणून आहे."

तुमच्या मुलीला जे धरून ठेवतं ते हेच, असं माझं मत आहे. लहान लेकराला कळतं की आपल्यासाठी कुणीतरी निगुतीनं काम केलंय. सणाला आजीनं करंजीला मुरड घातलेली असते, ती मुरड नसली तरी करंजी पोटात तीच जाते. पण लेकरू मुरडीची करंजी आधी उचलतं.

एक गंमत मात्र सांगायला हवी. असे सिनेमे संथ असतात म्हणून महाग असतात, हे पूर्ण खरं नाही. नुसतं एक रान दाखवून कॅमेरा चार सेकंद थांबला, तर कागदावर ते एकच चित्र असतं, उलट स्वस्त. तरी टीव्हीवाले तसं करत नाहीत, कारण त्यांना पैशापेक्षा रिमोटची भीती जास्त. चार सेकंद काही हललं नाही तर पोरगं चॅनल बदलेल, ही भीती. मियाझाकींनी ह्याबद्दल अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांना समजावताना तीन-चार टाळ्या वाजवल्या होत्या आणि सांगितलं होतं की टाळ्यांच्या मधला जो रिकामा वेळ, त्याला जपानीत 'मा' म्हणतात. आपल्याकडं हे फार समजवावं लागू नये. कीर्तनात टाळकरी शिकाऊ असला की मधली जागा खातो, टाळ नुसता खणखणत सुटतो आणि बुवा वळून बघतात. ठेका त्या मधल्या जागेवरच उभा असतो. मारधाडीच्या कार्टूनमध्ये सगळा टाळच टाळ असतो, जागा नाहीच. तासाभरानं लेकरू चिडचिडं का होतं, ते कुठल्याही पखवाजवाल्याला विचारा.

संथ म्हणजे चांगलं, असंही मी म्हणत नाही. गुळमुळीत, फिकट रंगांचे, सशांचे आणि इंद्रधनुष्यांचे सिनेमे ढिगानं आहेत आणि ते मला बघवत नाहीत. त्यांत मायाळूपणा वरून साखर भुरभुरावी तसा टाकलेला असतो. फरक कुठं कळतो? अंगाच्या हालचालीत. मियाझाकींच्याच २००१ सालच्या 'स्पिरिटेड अवे' मध्ये एक मुलगी घाईत बूट घालते आणि निघण्याआधी पायाचं टोक जमिनीवर आपटून बूट नीट बसवते. दीड-दोन सेकंदांचं काम. पण ज्यानं ते काढलं त्यानं मूल बूट घालताना खरंच निरखलं होतं. साखरभुरक्या सिनेमातलं मूल बूट घालत नाही, पुढच्या दृश्यात ते त्याच्या पायात असतात.

माझ्या वर्गात मी पोरांना पहिला धडा भाकरीचा देतो. वहीच्या कोपऱ्यात बारा पानांवर बारा चित्रं काढायची, अंगठ्यानं फर्रकन सोडली की भाकरी फुगली पाहिजे. पहिल्या दिवशी सगळी पोरं पुरी काढतात. टम्म, गोल, सगळीकडून एकदम फुगलेली. त्यांना हसायचा मला अधिकार नाही, मुंबईत मी पण तेच केलं होतं. तिथल्या एका जाहिरातीसाठी चूल आणि भाकरी काढायची होती. सुट्टीत घरी येऊन आईला पेन्सिल टेस्ट, म्हणजे नुसत्या पेन्सिलीच्या रेषांची हलती चित्रं, दाखवली. ती म्हणाली, "ही काय भाकर हाय? पुरी केलायस तू." मग तिनं मला चुलीपाशी बसवलं. ज्वारीची भाकरी तव्यावर पाण्याचा हात फिरवून उलटली, मग काढून आराला उभी लावली. आधी कडेला एका ठिकाणी वाफेचा फुगा आला, तो सरकत सरकत मधे गेला, पापुद्रा सुटला, एक बाजू वर आली आणि दुसरी जरा मागं राहिली. भाकरी फिरवल्यावर ती पण आली. शेवटी आईनं बोट दाबलं तेव्हा फुस्स करून एका फटीतून वाफ गेली आणि पापुद्रा सुरकुतला. हे बारा चित्रांत बसवायचं तर कुठं दोन चित्रं जवळजवळ घ्यायची आणि कुठं अंतर सोडायचं हे ठरवावं लागतं. कडेचा फुगा सावकाश, मधला उठाव झपकन, बोट दाबल्यावर पुन्हा सावकाश. ॲनिमेशन म्हणजे एवढंच. दुसऱ्या दिवशी पोरं घरून बघून येतात आणि तिसऱ्या दिवशीच्या वह्यांत ज्या भाकऱ्या असतात त्या बघून भूक लागते.

घिबलीच्या सिनेमात जेवण इतकं चविष्ट का दिसतं, असं लोक नेहमी विचारतात. उत्तर हेच. मियाझाकी आणि त्यांचे सहकारी इसाओ ताकाहाता हे घिबलीच्या आधीपासून असं काम करत होते. १९७४ मध्ये त्यांनी आल्प्सच्या डोंगरातल्या हायडी नावाच्या मुलीची मालिका केली, त्याआधी स्वित्झर्लंडला जाऊन घरं, शेळ्या, डोंगर बघून आले. त्यातलं विस्तवावर वितळणारं चीज जपानी लोक अजून विसरलेले नाहीत. तुमच्या मुलीच्या सिनेमात शेजारची आजी मळ्यातल्या काकड्या वाहत्या पाण्यात गार करून देते. धाकटी मक्याचं कणीस आईला द्यायचं म्हणून छातीशी धरून निघते आणि रस्ता चुकते. कणीस खाऊन आई बरी होईल असं तिला वाटतं. आपल्याकडच्या कुठल्या लेकराला हे परकं वाटेल?

रंगांचंही थोडं सांगतो, तो माझा प्रांत. त्या सिनेमाचे कला दिग्दर्शक काझुओ ओगा. त्यांची ती गर्द रानं, तो कापराचा प्रचंड वृक्ष, हे सगळं पोस्टर कलरनं रंगवलेलं आहे. हो, तेच, जे आपली पोरं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बाटल्यांतून नेतात. मी हे वर्गात सांगतो तेव्हा पोरं आपल्या बाटलीकडं संशयानं बघतात. जागा खरी वाटते कारण हिरव्यात हिरवा वेगळा आहे. लिंब आणि चिंच ह्यांचा हिरवा एक नसतो हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही, पण कागदावर आलं की तोच पोरगा एकच हिरवा फासतो. मुंबईत मी एका मालिकेसाठी गावाबाहेरचं रान रंगवलं, आपली काळी माती, पावसाआधीची, भेगाळलेली. परदेशी गिऱ्हाईकाकडून शेरा आला की जमीन घाण दिसते, तपकिरी करा. केली. पगार त्याचाच होता. पण त्यानंतर जेव्हा जेव्हा कुणी म्हणतं की कार्टूनची जागा कुठलीही चालते, तेव्हा मला ती तपकिरी केलेली काळी आठवते.

मार्च २०२५ मध्ये एआयनं फोटोचं 'घिबली' करून द्यायची लाट आली, तुमच्याही व्हॉट्सॲपवर आली असेल. आमच्या गल्लीतल्या फोटोवाल्यानं लग्नाचे अख्खे अल्बम तसे करून दिले. मला राग आला नाही, नवरा-नवरी गोड दिसत होती. पण सगळ्यांचे डोळे सारखे, सगळ्यांच्या मागचं आभाळ सारखं, आणि कुणाच्याही अंगणात बेडूक नाही.

मुद्द्यावर येतो. सासूबाईंचं काय? ह्यावर माझ्याकडं तर्क नाही, अनुभव आहे. गंगाखेडजवळच्या एका गावात शाळेच्या पटांगणात हा सिनेमा लावला होता. तिथल्या लेकरांना जपानी काय आणि इंग्रजी पाट्या काय, सारख्याच. म्हणून मी आवाज बारीक करून पडद्याशेजारी उभा राहतो आणि मराठीत सांगत जातो. पैठणची चित्रकथी ह्याच रीतीची होती: एकेक चित्र लोकांपुढं धरायचं, कथा गायची, मग पुढचं चित्र. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असत, उलटलं की गोष्ट पुढं. आपण त्याच्याच वंशातले, फक्त आपली चित्रं सेकंदाला चोवीस उलटतात. तर त्या दिवशी मी सांगत होतो आणि बसथांब्याच्या प्रसंगात मला काही सुचेना, कारण तिथं बोलणंच नाही. गप्प राहिलो. मागून एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "जनीकडं इठ्ठल यायचा तसंच हाय की हे. काम करू लागायला आलाय."

गंगाखेड हे जनाबाईचं गाव. दळताना, शेण्या वेचताना सोबतीला येणारा देव त्या बाईच्या कानावर लहानपणापासूनचा. एकटी पडलेली, वयापेक्षा जास्त काम करणारी मुलगी आणि तिच्या बाजूला काही न बोलता येऊन उभं राहणारं मोठं, उबदार कुणीतरी. तो येतो तेव्हा संकट जात नाही. बस उशिराच येते, आई दवाखान्यातच असते. फक्त उभं राहायला सोबत होते. सासूबाईंना भाषा कळत नसेल, पण हा पाहुणा त्यांच्या ओळखीचा असणार. त्यांना एकदा विचारून बघा.

आणि पाऊस. एप्रिल २०१६ आठवतो का? तुमच्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या मे महिन्यात मी शहरातल्या एका सोसायटीच्या गच्चीवर हा सिनेमा दाखवला. छत्रीवर थेंब पडायला लागले, आधी एक, मग थांबून दोन, मग त्या प्राण्यानं उडी मारल्यावर झाडावरचं सगळं पाणी एकदम. गच्चीवर चाळीस-पन्नास माणसं होती, मोठीच जास्त. एकही आवाज नाही. नंतर एक आजोबा म्हणाले, "पाऊस बराबर पाडलाय त्यानं." एवढंच. मला वाटतं एखाद्या ॲनिमेटरला ह्याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

'सुस्त होईल' ह्याबद्दल यजमानांना सांगा की त्या सिनेमात भीती भरपूर आहे. राक्षस नाही, पण तार येते, आईचं घरी येणं लांबतं, थोरली पहिल्यांदा धीर सोडून रडते, तळ्यात लहान मुलाची चप्पल सापडते आणि क्षणभर सगळ्यांचा श्वास अडकतो. मियाझाकींच्या स्वतःच्या आईला क्षय होता आणि ती कितीतरी वर्षं अंथरुणाला होती. ते ह्या सिनेमात मुरलेलं आहे. व्हिलन असला की भीती सोपी होते. त्याला मारलं की संपली. आजारी आईच्या भीतीला मारता येत नाही, तिच्यासोबत राहायचं कसं एवढंच शिकता येतं. सहा वर्षांच्या मुलीला हे बघू न देण्याचं कारण मला दिसत नाही.

सारखं-सारखं बघण्याची काळजी करू नका. आजीच्या चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत एक शब्द बदलला तर लेकरू भांडतं. त्याला पुढं काय होणार हे माहीत असण्यातच सुख असतं. दहाव्या वेळेला ते गोष्ट बघत नसतं, कडेचं बघत असतं. मी पैज लावतो, तुमच्या मुलीला बेडूक कुठल्या बाजूनं येतो हे पाठ असेल. फक्त मोबाइलवर देऊ नका. एवढुशा काचेवर चेहरे तेवढे दिसतात, रान दिसत नाही, आणि ह्या सिनेमात रान पण एक पात्र आहे. टीव्हीवर लावा, दिवा घालवा, आणि शेजारी बसून मोबाइल बघू नका, पोरं ते बरोबर टिपतात.

पुढं काय दाखवावं, तर आधी काय दाखवू नये ते ऐका, कारण इथं आईबाप फसतात. १६ एप्रिल १९८८ ला हा सिनेमा जपानात एकटा लागला नव्हता. त्याच तिकिटात ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' होता. तेच स्टुडिओ, तितकीच देखणी चित्रं, आणि गोष्ट युद्धात अनाथ झालेल्या भाऊ-बहिणीच्या उपासमारीची. मी मोठा माणूस असून दुसऱ्यांदा लावायची हिंमत केलेली नाही. 'प्रिन्सेस मोनोनोके' मध्ये बाणानं हात तुटून उडतात. पोस्टरवर घिबलीचंच नाव आहे म्हणून लावलं आणि लेकरू रात्रभर झोपलं नाही, असं माझ्याच एका विद्यार्थ्याच्या घरी झालंय.

सहाव्या वर्षाला 'पोन्यो' द्या, २००८ चा. समुद्रातून माणसात आलेली मासोळी. त्याला सुमारे १ लाख ७० हजार चित्रं लागली आणि त्यातल्या लाटा हातानं काढलेल्या आहेत, जिवंत जनावरासारख्या. वर्षभरानं 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस', जरा मोठ्या मुलीची गोष्ट आहे. भाषेची अडचण नको असेल तर १९८२ ची ब्रिटिश 'द स्नोमॅन', जेमतेम अर्ध्या तासाची, रंगीत खडूंच्या पोताची, आणि गोष्ट सुरू झाली की एका गाण्याखेरीज शब्द नाहीत. शेवटी बर्फाचा माणूस वितळतो, तेव्हा मांडीवर घेऊन बसा. आणि 'फ्लो', लॅटव्हियाचा, २०२४ चा. पुरात सापडलेलं मांजर आणि एका होडीतले चार-पाच प्राणी, एकही संवाद नाही, प्राणी प्राण्यांसारखेच ओरडतात. तो ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. हे मी माझ्या वर्गातल्या पोरांना जरा जास्तच वेळा सांगतो. हा थोडा मोठ्यांचा आहे, आठ वर्षांच्या पुढं बरा.

आपलं काही नाही का, असं विचाराल. आहे, पण तुटक-तुटक. फिल्म्स डिव्हिजननं १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' केला, हरणांच्या राजाची जातककथा. १९७४ ची 'एक अनेक और एकता', विजया मुळे यांची, ॲनिमेशन भीमसेन यांचं, जाळं घेऊन उडणाऱ्या चिमण्यांची, ती तुम्हालाही पाठ असेल. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात मुलीला घेऊन जा आणि सहा दातांच्या हत्तीची, माकडांच्या राजाची चित्रं दाखवा. तिथं एकाच भिंतीवर तोच नायक तीन-चार ठिकाणी दिसतो, चित्र जागेवर असतं आणि आपण चालतो. मला ती नेहमी एक थांबवून ठेवलेली फिल्म वाटते. आणि कोपऱ्याकोपऱ्यात गोष्टीशी संबंध नसलेली फुलं, पाखरं. दीड हजार वर्षांपूर्वी पण कुणीतरी बेडकाचे पैसे दिलेच होते.

एक शेवटचं, आणि हे माझ्या चुकीचं आहे. सिनेमा संपला की नावांच्या पाट्या यायला लागतात, तेव्हा बंद करू नका.

दोन-तीन वर्षांपूर्वी बालाघाटाच्या डोंगरातल्या एका शाळेत हा सिनेमा दाखवला. जानेवारी होता, आईबाप ऊसतोडीला गेलेले, मागं राहिलेली लेकरं आजी-आजोबांकडं आणि जेवायला शाळेच्या हंगामी वसतिगृहात. मोठ्या पोरी धाकट्यांना सांभाळतात. सिनेमा शेवटाला आला, दोघी बहिणी दवाखान्याबाहेरच्या झाडावरून आईला बघतात, कणीस खिडकीत ठेवून निघून येतात. गाणं आणि पाट्या सुरू झाल्या, आणि मी प्रोजेक्टर बंद केला. लाइट जायची वेळ झाली होती. पडदा उतरवत होतो तर अकरा-बारा वर्षांची एक मुलगी, कडेवर झोपलेला भाऊ, येऊन म्हणाली, "सर, तिची माय वापस येती का न्हाई?" मी म्हणालो, येते ना. "दावलं न्हाई की."

घरी येऊन शेवट पुन्हा लावला. पाट्यांच्या मागं चित्रं आहेत. त्यांत आई घरी आलेली आहे. मी इतक्या वेळा हा सिनेमा दाखवला होता आणि दरवेळी नेमकं तिथंच बंद करत आलो होतो. किती शाळांत, मोजायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. मोटारसायकलवर प्रोजेक्टर बांधून, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, फक्त त्या पाट्या दाखवायला. मास्तरांना वाटलं दुसरा सिनेमा आणलाय. लेकरं बसली, मी तो शेवटचा तुकडा लावला. ती मुलगी पुढंच बसली होती, भाऊ ह्या वेळी जागा होता. आई घरात दिसली तशी ती थोडा वेळ बघत राहिली. त्या सिनेमात थोरली बहीण सकाळी उठून सगळ्यांचे डबे करते, ते तिनं आदल्या वेळी बघितलेलं होतं. ती भावाला म्हणाली, "मंग आता डबा माय करंल तिचा."